खतावणी ते खंदक : एडमंड डी विंडची गोष्ट (दीर्घ धागा)

२१ मार्च १९१८. पहाटेचे ४ वाजून ४० मिनिटे. उत्तर फ्रान्समधील सेंट क्वेंटिन शहराच्या परिसरात इतके दाट धुके पसरले होते की हात लांब केला तर बोटे दिसेनात. त्याच क्षणी सहा हजारांहून अधिक जर्मन तोफा एकदम धडाडल्या आणि पुढचे पाच तास त्या थांबल्या नाहीत. पहिल्या महायुद्धात तोवर असा भडिमार कोणी पाहिलेला नव्हता.

शहराच्या दक्षिणेला ग्रुझी नावाच्या खेड्याजवळ ब्रिटिशांची एक चौकी होती. नकाशावर तिचे नाव ‘रेसकोर्स रिडाउट’ असे होते. रिडाउट म्हणजे खंदक आणि काटेरी तारा यांनी वेढलेली, चहूबाजूंनी लढता येईल अशी मातीची गढी. त्या गढीत चौतीस वर्षांचा एक सेकंड लेफ्टनंट होता. सैन्यातला हा सर्वांत कनिष्ठ अधिकारी. या हुद्द्याला त्याचे वय जरा जास्तच होते, कारण तो पेशाने सैनिक नव्हता. युद्ध सुरू झाले तेव्हा तो कॅनडातील एडमंटन शहरात बँकेत कारकून होता.

त्याचे नाव एडमंड डी विंड. हा धागा त्याच्याविषयी आहे.

त्याचा जन्म ११ डिसेंबर १८८३ चा. गाव उत्तर आयर्लंडमधील काउंटी डाऊन येथील कंबर. (होय, उच्चार जवळपास आपल्या कंबरेसारखाच.) वडील आर्थर ह्यूज डी विंड हे अभियंता, आईचे नाव मार्गारेट जेन. घर खाऊनपिऊन सुखी, प्रतिष्ठित. पण मुलाने हातपाय हलवल्याशिवाय भागणार नाही, अशा ऐपतीचे.

कंबर लहानसे गाव असले तरी इतिहासाच्या वाचकांना त्याच्या चौकात थोडे थांबावेसे वाटेल. तेथे एका उंच स्तंभावर सर रॉबर्ट रोलो गिलेस्पी यांचा पुतळा १८४५ पासून उभा आहे. हा गिलेस्पी आपल्या ओळखीचा आहे. १८०६ मध्ये वेल्लोरच्या किल्ल्यात शिपायांनी उठाव केला, तेव्हा अर्काटहून घोडदळ घेऊन दौडत गेलेला आणि तो उठाव निर्दयपणे चिरडणारा अधिकारी तो हाच. पुढे १८१४ मध्ये इंग्रज-नेपाळ युद्धात देहरादूनजवळील नालापाणीच्या खलंगा किल्ल्यावर चढाई करताना गोरख्यांच्या गोळीने तो पडला. काउंटी डाऊनच्या इभ्रतीसाठी आणखी एक बार होऊ द्या, असे तो अखेरीस म्हणाल्याचे सांगतात आणि ते शब्द त्या स्तंभावर कोरलेले आहेत. म्हणजे एडमंड ज्या चौकातून लहानपणी ये-जा करीत असे, तेथे परक्या डोंगरात गढीवर चाल करताना मेलेला माणूस गावाचा आदर्श म्हणून उभा होता. त्या पुतळ्याचा मुलाच्या मनावर काय परिणाम झाला, हे कोणी लिहून ठेवलेले नाही आणि उगाच कल्पना लढवण्यातही अर्थ नाही. मात्र त्या गावात मरणाला मान कोठे मिळतो, हे मुलांना शाळेत जाण्याआधीच कळत असावे.

याच गावात १८७३ मध्ये जन्मलेला आणखी एक माणूस जगाला ठाऊक आहे. टायटॅनिक जहाजाचा रचनाकार थॉमस अँड्र्यूज. एप्रिल १९१२ मध्ये आपण घडविलेल्या जहाजाबरोबर तो बुडाला.

एडमंडचे शिक्षण बेलफास्टच्या कॅम्पबेल कॉलेज या शाळेत झाले. ही शाळा १८९४ मध्ये सुरू झाली होती, म्हणजे तो तेथे गेला तेव्हा अगदी नवी होती. (‘नार्निया’कार सी. एस. लुईस हाही पुढे १९१० मध्ये काही काळ याच शाळेत होता.) शिक्षण आटोपल्यावर एडमंड बँक ऑफ आयर्लंडमध्ये नोकरीला लागला.

त्या काळची बँकेची नोकरी म्हणजे काय, हे समजल्याशिवाय या माणसाची गोष्ट समजणार नाही. तेव्हा बँकेत यंत्रे जवळपास नव्हतीच. प्रत्येक नोंद हाताने, शाईने, सुवाच्य अक्षरात. रोजकीर्दीतून खतावणी, खतावणीतून ताळा. संध्याकाळी एका पेनीचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत कोणी घरी जायचे नाही. नोकरी कायमची, अंगावरचा कोट स्वच्छ, समाजात मान. पगार मात्र बेताचा आणि बढती मुंगीच्या पावलाने. कॅनडातील बँकांत तर ठराविक पगाराचा टप्पा गाठेपर्यंत कारकुनाला लग्न करायचे झाल्यास बँकेची परवानगी लागत असे. तोकड्या पगारावर संसार मांडलेल्या माणसाचा हात गल्ल्याकडे वळेल, ही त्यामागची भीती. ज्याच्या हाती दिवसभर दुसऱ्यांचे पैसे, त्याच्या खाजगी आयुष्याची किल्लीही मालकाकडे, असा तो व्यवहार होता.

तरीही १९११ मध्ये एडमंड आयर्लंड सोडून कॅनडाला गेला आणि कॅनेडियन बँक ऑफ कॉमर्समध्ये दाखल झाला. त्या वर्षांत असे करणारा तो एकटा नव्हता. कॅनडाच्या पश्चिमेकडील गवताळ मैदानांत गहू पिकू लागला होता, आगगाडी पोहोचत होती, गावांमागून गावे वसत होती आणि प्रत्येक नव्या गावात पहिली शाखा आपली असावी म्हणून बँकांची चढाओढ लागली होती. कॅनेडियन बँक ऑफ कॉमर्सने यावर एक नामी युक्ती काढली. ब्रिटिश कोलंबियातील लाकडाच्या गिरणीत बँकेची अख्खी इमारत सुट्या भागांत तयार करायची, आगगाडीने पाठवायची आणि जागेवर नेऊन जोडायची. खांब, तावदाने, दर्शनी भागाचा रुबाब, सारे काही आयते. इमारती अशा गिरणीतून मिळाल्या. हिशेब जाणणारी, इंग्रजी नीट लिहिणारी माणसे मात्र गिरणीत होत नव्हती. ती आयर्लंड आणि स्कॉटलंडमधील बँकांतून आली.

एडमंड अशा प्रवाहातला एक. त्याने तेथे काही काळ क्वीन्स ओन रायफल्स या पलटणीत हौशी सैनिक म्हणूनही कवायत केली. पुढे अल्बर्टा प्रांताची राजधानी असलेल्या एडमंटनच्या शाखेत तो काम करू लागला. जमिनींच्या सट्ट्यामुळे फुगलेले ते शहर १९१३ च्या सुमारास मंदीच्या विळख्यात सापडले होते. भाव कोसळले होते, कर्जे थकली होती. बँकेतल्या माणसाला हे सगळे खतावणीतच दिसत असणार.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले. नोव्हेंबरमध्ये एडमंडने नाव नोंदवले. अधिकारी म्हणून नव्हे, साधा शिपाई म्हणून. वयाची एकतिशी गाठायला महिनाभर उरला होता. ३१ वी (अल्बर्टा) बटालियन ही त्याची पलटण. आर्थर बेल या कमांडरच्या नावावरून तिला ‘बेलचे बुलडॉग’ असे टोपणनाव पडले होते.

तो का गेला? या प्रश्नापाशी इतिहासलेखक हटकून साम्राज्यनिष्ठा, कर्तव्य, साहस असे शब्द काढतात. ते खोटे नसतील. पण लेखणी घासत तिशी ओलांडलेल्या, बढतीची वाट पाहणाऱ्या, घरापासून हजारो मैल दूर असलेल्या अविवाहित माणसाच्या बाबतीत या शब्दांवर फार भार टाकू नये. कॅनडाच्या पहिल्या तुकड्यांत अशी नुकतीच समुद्र ओलांडून आलेली ब्रिटिश बेटांवरची माणसे फार मोठ्या संख्येने होती. त्यांच्या दृष्टीने युद्धाला जाणे आणि घराच्या दिशेने जाणे ही एकच वाट होती.

सप्टेंबर १९१५ मध्ये ३१ वी बटालियन फ्रान्समध्ये उतरली. एडमंड तिच्या मशीनगन विभागात होता. पुढे एप्रिल १९१६ मध्ये या बटालियनला बेल्जियममधील सेंट एलॉय येथे अक्षरशः चिखलात बुडवले गेले. ब्रिटिशांनी तेथे प्रचंड सुरुंग उडवून जमिनीत विवरे पाडली होती. ती पाण्याने भरली, खुणा नाहीशा झाल्या आणि कोणते विवर कोणाच्या ताब्यात आहे हे वरिष्ठांनाही कित्येक दिवस कळेना. त्यानंतर सोम नदीकाठी, १५ सप्टेंबर १९१६ रोजी, कुर्सेलेतची लढाई झाली. रणगाडा हे यंत्र जगाने रणांगणावर प्रथम पाहिले ते याच दिवशी, आणि त्या लढाईत ३१ वी बटालियन होती.

या काळात बँक आपल्या माणसांना विसरली नव्हती, आणि येथे इतिहासाच्या अभ्यासकांसाठी एक सुंदर साधन आहे. कॅनेडियन बँक ऑफ कॉमर्सने आघाडीवर गेलेल्या आपल्या कर्मचाऱ्यांची पत्रे युद्ध चालू असतानाच छापून वाटायला सुरुवात केली. युद्ध संपल्यावर १९२० च्या सुमारास त्यांचे दोन जाडजूड खंड काढले, ‘लेटर्स फ्रॉम द फ्रंट’ या नावाने. पहिल्या खंडात पत्रे. दुसऱ्यात युद्धावर गेलेल्या कर्मचाऱ्यांच्या सेवेची थोडक्यात नोंद आणि छायाचित्रे. नोंदीत जन्म, शाखा, पलटण, पदके, जखमा आणि लागू असेल तेथे मृत्यू. दुसरा खंड चाळताना जाणवते की हे काम हिशेबाच्या माणसांनी केलेले आहे. भावनेचा शब्द क्वचित, पण नोंद चुकलेली नाही. आणि जे घरी राहिले त्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्च्यांवर एव्हाना तरुण स्त्रिया येऊन बसल्या होत्या. कॅनडाच्या बँकांत स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या त्या या युद्धामुळे, हा त्या खंडांबाहेरचा इतिहास.

अधिकाऱ्यांचे मृत्यू वाढत गेले तशी सैन्याने शिकलेल्या शिपायांतून अधिकारी निवडायला सुरुवात केली. सप्टेंबर १९१७ मध्ये एडमंडला कमिशन मिळाले, तेही कॅनेडियन सैन्यात नव्हे, तर १५ व्या रॉयल आयरिश रायफल्समध्ये. ही उत्तर बेलफास्टची बटालियन, ३६ व्या (अल्स्टर) डिव्हिजनमधली. शाळेच्या शहरातल्या माणसांत तो बँकेतली नोकरी आणि तीन वर्षांचे युद्ध करून परत आला होता. मात्र ती डिव्हिजन आता मूळची राहिली नव्हती. १ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत उतरल्यावर दोन दिवसांत तिचे पाच हजारांहून अधिक सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले होते. फेब्रुवारी १९१८ मध्ये माणसेच पुरेनात म्हणून प्रत्येक ब्रिगेडमधील चारांपैकी एक बटालियन कमी करण्यात आली.

आता त्या मार्चकडे वळू. एडमंडच्या मरणाचे कारण त्याच्या शौर्याइतकेच एका लष्करी आराखड्यातही आहे, म्हणून हा आराखडा समजून घ्यायला हवा.

रशिया युद्धातून बाहेर पडल्याने जर्मनीला पूर्वेकडचे सैन्य पश्चिमेला आणता आले. अमेरिकन सैन्य पूर्ण ताकदीने येण्याआधी निर्णायक घाव घालायचा, हा जर्मन सेनानी लुडेनडॉर्फचा डाव. घाव पडणार होता तो मुख्यतः जनरल गफ यांच्या ब्रिटिश पाचव्या सैन्यावर. या सैन्याकडे राखण्यासाठी ४२ मैलांची आघाडी होती आणि त्यासाठी पायदळाच्या डिव्हिजन होत्या अवघ्या बारा, जोडीला घोडदळाच्या तीन. (भारतीय घोडदळाच्या दोन डिव्हिजन ज्या तीन वर्षांहून अधिक काळ फ्रान्समध्ये होत्या, त्यांची रवानगी नेमक्या याच सुमारास इजिप्तकडे चालली होती.)

माणसे थोडी, आघाडी लांब. म्हणून ब्रिटिशांनी जर्मनांचीच पद्धत उचलली. सलग खंदक भरून ठेवण्याऐवजी आघाडीचे पट्टे पाडले. सर्वांत पुढच्या पट्ट्यात विखुरलेल्या लहान चौक्या आणि त्यांच्या मागे काही गढ्या. खरी लढाई मागच्या पट्ट्यात लढायची. पुढच्या गढ्यांचे काम एवढेच की शत्रूची लाट फोडायची, वेळ खायचा. जर्मन पद्धतीत पुढच्या माणसांना मागे सरकण्याची मोकळीक असे आणि त्यांना सोडवायला ताज्या दमाच्या तुकड्या मागून धावत. ब्रिटिश नकलेत मोकळीकही नव्हती आणि तुकड्याही नव्हत्या. पुढच्या गढीत जो असेल त्याने तेथेच लढायचे. मागे येण्याची वाट आराखड्यातच नव्हती. शिवाय गढ्यांची सारी मदार एकमेकींवर आणि दूरवर दिसण्यावर होती. मधल्या मोकळ्या जागेवर मशीनगनचा मारा करायचा, तर ती जागा दिसायला हवी. २१ मार्चला धुक्याने तीच काढून घेतली.

या आराखड्याला दोष देणे आज सोपे आहे. गफ यांच्याकडे दुसरा कोणता पर्याय होता, असे विचारले तर उत्तर तितके सोपे नाही. तरी एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. ज्यांनी आराखडा केला त्यांना पुढच्या गढ्यांतली माणसे हिशेबात खर्ची पडणार हे ठाऊक होते; आणि गढीत बसलेल्यांनाही ते उमगले नसेल, असे मानणे त्यांच्या बुद्धीचा अपमान ठरेल.

सकाळी साडेनऊनंतर जर्मन पायदळ धुक्यातून पुढे सरकले. गढ्यांवर समोरून आदळण्याऐवजी पहिल्या तुकड्या त्यांच्या बाजूंनी निघून मागे गेल्या. धुके विरू लागले तेव्हा गढीतल्यांना शत्रू दिसला तो पाठीमागेही. ३६ व्या डिव्हिजनच्या पुढच्या पट्ट्यातील तीन बटालियन अशा बेटांसारख्या वेढल्या गेल्या. रेसकोर्स रिडाउट हे त्यांतले एक बेट.

पुढे काय घडले याचा आधार मुख्यतः व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्राचा. त्यानुसार डी विंडने आपली जागा सात तास लढवली. दोनदा जखमी झाला, तरी जवळजवळ एकट्याने, दुसरी तुकडी मदतीला येईपर्यंत ती सोडली नाही. दोन वेळा, केवळ दोन हवालदार-नाईक दर्जाचे सहकारी बरोबर घेऊन, मशीनगन आणि रायफलींच्या माऱ्यात तो खंदकाबाहेर उघड्यावर चढला आणि खंदकात घुसलेल्या शत्रूला त्याने हुसकून लावले, बरेच जण मारले. त्यानंतरही तो हल्ल्यांमागून हल्ले परतवीत राहिला आणि अखेर प्राणघातक जखमेने कोसळला.

हे मानपत्र सावकाश वाचावे. ‘खंदकाबाहेर चढणे’ हे दोनच शब्द. पण खंदकात माणूस मातीच्या आड असतो आणि वर चढला की त्याच्या आणि मशीनगनच्या मध्ये केवळ हवा असते. पहिल्यांदा चढणाऱ्याला वर काय आहे याची कल्पना नसते, असे म्हणता येईल. दुसऱ्यांदा चढणाऱ्याबाबत तसे म्हणता येत नाही. आणि ज्या दोघांना घेऊन तो चढला, त्यांची नावे मानपत्रात नाहीत. ज्यांना त्याने मारले त्यांचीही नाहीत, हे ओघाने आलेच. तेही कोठल्या तरी गावातून आलेले होते आणि त्यांच्यापैकीही एखादा कारकून असू शकेल.

त्या एका दिवसात ब्रिटिशांचे सुमारे ३८ हजार सैनिक कामी आले, जखमी झाले वा पकडले गेले. त्यांतील सुमारे २१ हजार युद्धकैदी होते. जर्मनांची हानी आकड्यात जवळपास तितकीच, पण त्यांच्यात मृत आणि जखमी अधिक. हा फरक वेढलेल्या गढ्यांची कहाणी सांगतो. दारूगोळा संपला, तेव्हा उरलेल्यांना हात वर करावे लागले. यावरूनच आणखी एक कोडे सुटते. डी विंडचे पदक मे १९१९ मध्ये, म्हणजे चौदा महिन्यांनी जाहीर झाले. इतका उशीर का? कारण व्हिक्टोरिया क्रॉससाठी साक्षीदार लागतात, आणि त्या दिवसाचे साक्षीदार एकतर मेले होते किंवा जर्मनीतील छावण्यांत होते. युद्ध थांबून ते घरी परतल्यावरच सांगणारे तोंड मिळाले. ज्या गढीतून एकही माणूस परतला नाही, तेथे काय घडले हे सांगायला अर्थातच कोणी आले नाही आणि तेथे पदकही नाही.

जून १९१९ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात राजे पाचवे जॉर्ज यांच्या हस्ते ते पदक स्वीकारले मार्गारेट जेन डी विंड यांनी. मुलाचा देह त्यांना मिळाला नव्हता. गढी शत्रूच्या हाती गेली, पुढे काही महिन्यांनी त्याच जमिनीवरून युद्ध उलट दिशेने पुन्हा गेले, आणि एडमंडचे थडगे कोठे आहे हे कधीच कळले नाही.

स्मारके मात्र झाली, आणि तीही तीन देशांत. बेलफास्टच्या सेंट ॲन कॅथीड्रलमधील एक खांब त्याच्या नावाने अर्पण केलेला आहे. युद्धात पकडलेली एक जर्मन तोफ त्याच्या गौरवार्थ कंबर गावाला देण्यात आली. तिकडे एका रस्त्यालाही त्याचे नाव आहे. कॅनडात अल्बर्टा प्रांतात, जॅस्परच्या बाजूच्या रॉकी पर्वतरांगांत, एका शिखराला ‘माउंट डी विंड’ म्हणतात. ज्या बँकेत तो होता ती १९६१ मध्ये इंपीरियल बँकेत विलीन होऊन आजची सीआयबीसी झाली.

आयर्लंड त्याला आपला मानते, कॅनडाही मानतो. दोन्ही दावे खरे आहेत. शिपाई म्हणून तो कॅनेडियन होता, अधिकारी म्हणून आयरिश रेजिमेंटचा.

फ्रान्समध्ये सोमच्या खोऱ्यात पोझियेर येथे एक स्मारक आहे. १९१८ च्या त्या माघारीत आणि नंतरच्या महिन्यांत मेलेल्या, पण थडगे नसलेल्या चौदा हजारांहून अधिक सैनिकांची नावे त्याच्या भिंतींवर आहेत. रेजिमेंटनुसार, त्यात हुद्द्यानुसार आणि मग आडनावाच्या अक्षरांनुसार. रॉयल आयरिश रायफल्सच्या फलकावर सेकंड लेफ्टनंटांच्या यादीत ‘डी विंड, ई.’ असे लिहिलेले आहे आणि त्यापुढे दोन अक्षरे, व्ही. सी.